गैरहजर मुलांच्या घरी जाणाऱ्या सुशीलाताई

सुशीलाताईंची आणि माझी ओळख नारायणगावच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये झाली. लग्न होऊन मी नुकतीच आले होते. तरुण संघात मदत करायची, म्हणजे गाणी बसवायची, असं मला वाटलं. ताईंनी माझ्या हातात हजेरीवही ठेवली. "जो आला नाही त्याच्या घरी जायचं. न येण्याचं कारण त्याच्याच तोंडून ऐकायचं, मगच लिहायचं."

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळींना हे काम वाटतच नसे. "ताई, नाताळचं नाटक झकास बसवा. लोकांच्या घरात कशाला डोकावता?" असं एक वडीलधारे हसत म्हणत. ताई नाटक बसवत आणि सोमवारी जीपने गावोगाव जात.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून जे झालं, ते टाळून ताईंविषयी लिहिणं खोटं ठरेल. मार्था ही कॉलेजातली मुलगी सलग दोन रविवार आली नाही. शेजारीण म्हणाली, "पेपर चालू हायेत तिचे." मी वहीत 'परीक्षा' लिहिलं आणि मार्थाकडे न जाताच माझ्या घरी परतले. परीक्षा नव्हती. त्याच आठवड्यात मार्थाने जीव दिला.

दफनविधीनंतर तिच्या आईने ताईंना विचारलं, "माझी पोर दोन रविवार दिसली न्हाई. तुमी इचारलं का न्हाई?"

"चुकलं आमचं," ताई म्हणाल्या. पंचांसमोरही त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

मला वाटलं, मी सुटले. आठवड्याने ताई माझ्या दारात उभ्या. "मार्थाच्या आईकडे चल. वहीत काय लिहिलंस ते तू सांगायचं. मी शेजारी बसेन, बोलणार नाही."

मी रडले, हात जोडले. त्यांनी चपला काढल्याच नाहीत.

आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कुनाच्या पोरीचं असं लिवू नको." माफ केलं असं तिने अजून म्हटलेलं नाही.

गोष्ट पसरली. मंडळीत आम्हाला खूप बोलणी बसली. पण चूक घरी येऊन सांगणाऱ्या बाया म्हणूनही आम्ही माहीत झालो. पुढे तळेघरकडच्या एका हिंदू घरातून ताईंना निरोप आला. मुलगी जेवणखाण सोडून बसली होती. वडील उंबऱ्यातच म्हणाले, "बाई, देवाबिवाचं काय सांगू नका. पोरगी लई दिवस बोलंना, तिच्यासंगं बोला."

"त्यासाठीच एवढा डोंगर चढून आलेय. आधी पाणी तरी द्या," ताई म्हणाल्या.

ती मुलगी वाचली. आता घोडेगावकडचे शिक्षकही एखादं मूल गप्प झालं की ताईंना फोन करतात.

ताई, तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली. गुडघे दुखतात, तेव्हा चढ आता आम्ही चढू. तुम्हाला पुष्कळ आणि निरोगी आयुष्य मिळावं, ही आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थही आहे. माझ्या हातून पुन्हा चूक झाली, तर मला सोडून न देता सोबत घेऊन जाणारं माणूस मला हवं आहे.