अ, ब आणि सुंदराबाईंचे डोळे

बाबुराव गजभिये कॅमेऱ्यांची नावं घेत नसत. एक होता अ, दुसरा होता ब. दोन्ही कंपन्या जगभर माहीत असलेल्या. एकीच्या पट्ट्यावर लाल रंग, दुसरीच्या पट्ट्यावर पिवळा. पण बाबुरावांची सगळी नोकरी सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात नमुने तपासण्यात गेली होती, आणि तिथे तपासणाऱ्याने पुरवठादाराचं नाव तोंडात आणायचं नाही असा दंडक होता. नाव घेतलं की मन कलतं, असं त्यांच्या साहेबांचं म्हणणं. बाबुराव निवृत्त झाले, साहेब वारले, दंडक राहिला.

"अ हातात नीट बसतो," ते रात्री जेवताना म्हणाले. "ब जड आहे. पण ब भराभर काढतो."

"बाबा, कॅमेरा घेताय की माझ्यासाठी स्थळ बघताय?" पूर्वा म्हणाली. ती हिंजवडीला कामाला होती. विश्रांतवाडीहून कंपनीची बस तिला अंधारात उचलायची आणि अंधारात आणून टाकायची. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याचं वेड तिनेच घरात आणलं होतं. तिच्या ऑफिसात प्रत्येकाच्या गळ्यात एक होता आणि शनिवारी ते सगळे सिंहगडावर जाऊन एकमेकांचे फोटो काढायचे.

"स्थळ एवढं बघायचं नसतं," बाबुराव म्हणाले.

"माहीत आहे," सुंदराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कॅमेरा हवा होता तो सुंदराबाईंसाठी. त्याला कारण मंदाकिनीबाईंचं पुण्यानुमोदन. शेजारच्या इमारतीतल्या मंदाकिनीबाई अचानक गेल्या, आणि कार्यक्रमाला ठेवायला घरात त्यांचा एकटीचा फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मोठं केलं. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, भंते बोलले, लोक गहिवरले. घरी येताना सुंदराबाईंनी विचारलं,

"अहो, मंदाकिनीच्या खांद्यावर हात कुणाचा होता?"

बाबुरावांनीही तो पाहिला होता. पुरुषाचा हात होता, घड्याळ घातलेला.

"दिराचा असेल."

"असेल. पण आता तो कायमचा तिथेच राहणार."

थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या फोटोत हात-बीत काही का येईना. डोळे मात्र कुणी रंगवायचे नाहीत. एवढं बघा."

हे वेणूबाईंबद्दल होतं. वेणूबाई म्हणजे सुंदराबाईंची आई. त्यांचा एकुलता एक फोटो भंडाऱ्याला जयंतीच्या मिरवणुकीत निघाला होता. भर उन्हात, डोळे मिटलेले. त्या गेल्यावर तो मोठा करायला दिला, तेव्हा स्टुडिओतल्या पेंटरने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून दिले. मोठे, पाणीदार, किंचित वर बघणारे. त्या पेंटरला एकाच प्रकारचे डोळे येत. त्या वस्तीतली निम्मी मेलेली माणसं भिंतींवरून एकाच नजरेने बघायची. गजभियांच्या बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींपासून हातभर खाली वेणूबाई होत्या, आणि सुंदराबाई रोज फडक्याने त्यांची काच पुसत. पण काचेकडे बघून पुसत, डोळ्यांकडे बघून नाही.

"चेहरा आईचा आहे," त्या म्हणत. "बघतंय मात्र दुसरंच कुणीतरी."

आता अडचण अशी होती की सुंदराबाईंचा डोळे उघडे असलेला एकही फोटो अस्तित्वात नव्हता. लग्नात फोटो निघालेच नव्हते. नंतरच्या पहिल्याच फोटोत मिटलेले. पूर्वाच्या बारशाला मिटलेले. लेण्याद्रीच्या सहलीत सगळं महिला मंडळ सूर्याकडे बघून हसतं आहे आणि मध्यभागी सुंदराबाई ध्यानाला बसल्यासारख्या. निवडणुकीच्या ओळखपत्रावरही त्या झोपलेल्या होत्या. केंद्रावरचा अधिकारी कार्डाकडे बघायचा, त्यांच्याकडे बघायचा आणि शाई लावायचा. बाबुरावांनी आयुष्यभर यावर एकच निदान ठरवलं होतं. हिच्या पापण्या चपळ आहेत आणि आपले कॅमेरे मंद.

पूर्वाने सांगितलं की नवे कॅमेरे बटण दाबून धरलं तर सलग फोटो काढत राहतात. त्यातल्या एखाद्यात तरी आईचे डोळे उघडे सापडतील. बाबुरावांना ही पद्धत लगेच पटली. त्यांच्या खात्याचीच होती ती.

ते खातं कारखान्याच्या अगदी कडेला, जाड भिंतीमागे होतं. तयार झालेल्या मालातून काही नग उचलायचे आणि फोडून बघायचे. फुटले तर माल पास. म्हणजे जो नग चांगला निघे तो उरत नसे, आणि जे उरत त्यांच्याबद्दल फक्त अंदाज करता येई. एकदा साहेब चहा पिताना म्हणाले होते, गजभिये, हे माणसांनाही लागू पडतं का हो? बाबुरावांनी विचार करून उत्तर दिलं होतं, आपल्या खात्यापुरतं पडतं.

तिथला नियम साधा होता. बाबुराव मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. तीनला सगळ्यांनी डोळे मिटायचे, कानांत बोटं घालायची, आणि बाबुराव मोठ्याने "झालं" म्हणून खांद्यावर थाप मारत नाहीत तोवर उघडायचे नाहीत. आवाज येवो न येवो. न आलेला आवाज जास्त वाईट. "झालं" ऐकल्यावर माणसं डोळे उघडत, आणि उघडल्यावर आधी एकमेकांकडे बघत, मग नमुन्याकडे. कुणी तसं शिकवलं नव्हतं.

लग्न झाल्यावर बाबुरावांनी हा नियम घरी आणला. क्वार्टरमधला पहिला रॉकेलचा स्टोव्ह भडकणारा होता. तो पेटवताना ते तीनपर्यंत मोजत आणि नव्या बायकोला डोळे मिटायला लावत. स्टोव्ह गेला, गॅस आला, मोजणं राहिलं. कुकरचं झाकण, सोड्याची बाटली, पूर्वाचं इंजेक्शन, सगळं तीनवर. इंजिनिअरिंगचा निकाल कॉम्प्युटरवर लागला तेव्हाही बाबा तीन म्हणाले तेव्हाच पूर्वाने तो उघडला होता, आणि "झालं" म्हणाले तेव्हाच वाचला.

एका रविवारी बाबुराव सुंदराबाईंना घेऊन बुधवार पेठेतल्या श्यामसुंदर यांच्या दुकानात गेले. श्यामसुंदर त्यांना ओळखू लागले होते. पावसाळ्यापासून हा माणूस येत होता, दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडायला लावत होता आणि काहीही न घेता आभार मानून जात होता.

"या," श्यामसुंदर म्हणाले. "आज इंटरव्ह्यूची कितवी फेरी?"

"शेवटची. आज नमुना आणला आहे."

नमुन्याने काठाचं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं आणि पर्स मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसली.

"हा सेकंदाला तीन काढतो," श्यामसुंदर अ पुढे करत म्हणाले. "आणि हा साडेचार."

"अर्धा कसा काढतात?"

"अर्धा आम्ही दुकानात ठेवून घेतो."

बाबुरावांनी अ डोळ्याला लावला. छोट्या चौकटीत सुंदराबाई दिसल्या, मागे चार्जरचे खोके. त्यांनी मोजलं, तीन म्हटलं, बटण दाबून धरलं. खटखट आवाज झाला आणि चौकट काळी झाली.

"हे काळं कशामुळे होतं?"

"आत आरसा आहे. फोटो निघताना तो वर उचलला जातो. तेवढा वेळ बघणाऱ्याला दिसत नाही. सगळ्या एसएलआरमध्ये तसंच असतं."

"म्हणजे हाही मिटतो," बाबुराव म्हणाले. त्यांना त्या यंत्राबद्दल जरा आपुलकी वाटली.

पडद्यावर फोटो बघितले. सगळ्यांत डोळे मिटलेले. मग ब घेतला. ब खरोखरच चपळ होता. खटखट नव्हे, कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज. तेवढ्याच वेळात सुंदराबाई जास्त वेळा मिटलेल्या निघाल्या. बाबुरावांनी खिडकीकडे तोंड करून बसवलं, पाठ करून बसवलं. पुन्हा अ, पुन्हा ब. प्रत्येक वेळी मोजून. दुकानात दोन गिऱ्हाईकं आली, थांबली आणि मेमरी कार्ड न घेताच गेली.

बाबुरावांनी ब खाली ठेवला. एवढ्या वर्षांत एखादा सबंध लॉट नापास झाला नव्हता असं नाही. पण तो लॉट परत पाठवता येत असे.

"याच्याहून वेगवान आहे काही?"

"आहे. पण तो क्रिकेटसाठी घेतात," श्यामसुंदर म्हणाले. मग ते काउंटरमागून बाहेर आले. "काका, एक बोलू? मघापासून बघतोय. तुम्ही तीन म्हणता आणि काकू डोळे मिटतात. बरोबर तीनला. आधी नाही, नंतर नाही. आणि बटण दाबताना तुम्हीही मिटता."

"मी?"

"दोन्ही."

बाबुरावांनी बायकोकडे बघितलं.

"तू तीनला मिटतेस?"

"मग कधी मिटायचे?" सुंदराबाई म्हणाल्या.

"मिटायचे कशाला? फोटो आहे हा."

"तुम्हीच सांगितलं होतं. तीन म्हटलं की मिटायचे, आवाज थांबून झालं म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. हे आजचं यंत्र तर किती आवाज करतंय. मी आणखी घट्ट मिटले."

"अगं, ते स्टोव्हचं होतं."

"स्टोव्हपुरतंच, असं तुम्ही बोलला नव्हता."

रस्त्यावर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं संगीत दुकानात येत राहिलं.

"आणि बाकीचे?" बाबुरावांनी विचारलं. "फोटोत बाकीच्यांचे उघडे असतात, ते कधी पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की."

"मग?"

"मला वाटायचं, त्यांना सांगणारं कुणी नसेल."

श्यामसुंदर काउंटरमागे परत गेले आणि नसलेली धूळ पुसू लागले.

बाबुरावांनी पुन्हा अ उचलला. या वेळी मोजायचं नाही असं ठरवलं. तो डोळ्याला लावला. चौकटीत सुंदराबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांचे खांदे वर चढले, पर्सवरची बोटं आवळली, डोळे मोठे झाले. बाबुरावांनी बटण दाबलं. फोटोत डोळे उघडे आले. मोठे, पाणीदार, किंचित वर बघणारे.

सुंदराबाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि लगेच मान मागे घेतली.

"हा नको. रंगवल्यासारखा आहे."

"उघडे तर आले."

"न मोजता केलंत. कधी होईल कळेना. भीती वाटली." त्या पुन्हा स्टुलावर नीट बसल्या. "तुम्ही मोजा."

"मोजलं की तू मिटणार."

"मिटणार. आता ते काही जायचं नाही."

बाबुराव कॅमेरा हातात धरून उभे राहिले. अ असो की ब, दोन्हींच्या माहितीपत्रकात यावर काही नव्हतं. आपण गेल्यावर, किंवा ही गेल्यावर, कुणीतरी दुकानात हिचा मिटलेला फोटो घेऊन जाईल, आणि आता तर कॉम्प्युटरवर कुणाचेही डोळे कुणालाही बसवून देतात, हे त्यांच्या डोक्यात पावसाळ्यापासून होतं. त्यांनी ते घरात कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मग त्यांनी अ डोळ्याला लावला आणि कारखान्यात मोजत तसं, सावकाश मोजलं.

"एक. दोन. तीन."

सुंदराबाईंनी डोळे मिटले. खांदे खाली आले. बाबुरावांचे स्वतःचे डोळे मिटू बघत होते. ते त्यांनी उघडे धरून ठेवले. बटण दाबलं नाही. दुकानात कसलाच आवाज झाला नाही. सुंदराबाई न हलता बसून होत्या, नियमाप्रमाणे.

"झालं," बाबुराव म्हणाले.

सुंदराबाईंनी डोळे उघडले आणि आधी त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा त्यांनी दाबलं. चौकट काळी झाली, पण काळी होण्याआधीचं त्यांना दिसलं होतं.

पडद्यावर एक बाई होती. नवरा शाबूत आहे ना हे तिने नुकतंच पाहून घेतलं होतं आणि तो होता. खात्यातल्या माणसांच्या तोंडावर हे बाबुरावांनी रोज पाहिलं होतं. घरी ते "झालं" म्हणत तेव्हा त्यांचं लक्ष स्टोव्हकडे असे.

सुंदराबाईंनी पडदा बराच वेळ निरखला. चष्मा काढून, मग लावून.

"हे माझेच आहेत," त्या म्हणाल्या.

"हा बांधा," बाबुराव श्यामसुंदरना म्हणाले.

"साडेचारवाला नको? मघाशी तर त्याच्याहून वेगवान मागत होता."

"एकच लागतो."

श्यामसुंदरांनी खोकं शोधायला शिडी लावली. बाबुराव सुंदराबाईंना हळूच सांगू लागले की हा मोठा करून घेऊ, चौकट साधी घेऊ, आईच्या शेजारी जागा आहे.

"आत्ता नाही लावायचा," सुंदराबाई म्हणाल्या. "कपाटात ठेवा. वेळ आली की लावा."

"बरं."

"आणि तुमची वेळ आधी आली तर? तुमचा आहे का एकटा?"

बाबुरावांनी आठवून बघितलं. कारखान्याच्या ओळखपत्राचा होता, तो निवृत्त होताना जमा करून घेतला होता. घरातले बाकी सगळे फोटो त्यांनीच काढलेले असल्यामुळे त्यांत ते नव्हते.

"उभे राहून काय बघता? बसा इथे," सुंदराबाई स्टुलावरून उठत म्हणाल्या. त्यांनी अ हातात घेतला, वजन पाहिलं, डोळ्याला लावला. श्यामसुंदरांनी शिडीवरूनच बोट कुठे ठेवायचं ते सांगितलं.

बाबुराव स्टुलावर बसले. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून पर्स मांडीवर घेतली.

"एक," सुंदराबाई म्हणाल्या. "दोन. तीन."

बाबुरावांनी डोळे मिटले. आत बरा अंधार होता. टेम्पो गेला होता. ते नियमाप्रमाणे थांबले.

झालं म्हणायला सुंदराबाईंनी जरा वेळ लावला.