खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, पिंपरीच्या एका कारखान्यात जन्मभर लेथ मशीनवर टर्नर होते. त्यामुळे आमच्या रावेतच्या फ्लॅटमध्ये खंडेनवमी थेट कारखान्यासारखी होते. मिक्सर असो नाहीतर शिलाई मशीन, आधी बंद करायचं, पुसायचं, मग हळदकुंकू. चालू मशीनला कुंकू लावायचं नाही, हा त्यांचा नियम.

गेल्या खंडेनवमीला मी स्वयंपाकात अडकले होते आणि माझ्या लॅपटॉपवर तो बनवणाऱ्या कंपनीनंच पाठवलेलं फर्मवेअर अपडेट चालू होतं. लॅपटॉपनं सुरू कसं व्हायचं हे ज्या चिपमध्ये लिहिलेलं असतं, तीच नव्यानं लिहिली जात होती. बंद करू नका, असं पडद्यावर इंग्रजीत होतं. आप्पांनी बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद केला आणि झेंडूचं फूल वाहिलं. तो परत सुरू झालाच नाही.

चाकणच्या कारखान्यांसाठी मी घरून ड्रॉइंग करते. माझं डोकंच फिरलं. "कळत नाही तर हात कशाला लावता?" असं मी पाहुण्यांसमोर बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून आप्पा टीव्हीचा रिमोटसुद्धा हातात घेईनात. पंखा लावायलाही मला हाक मारायचे. आयुष्यभर लेथ चालवलेल्या माणसाला मी घरातल्या बटणांची भीती घातली होती.

सर्व्हिस सेंटरनं हात झटकले. अपडेट मध्येच बंद केलं, चूक ग्राहकाची, वॉरंटी लागू नाही. मग मी देहूरोडला लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि आपल्या कॉम्प्युटरवरून ती चिप पुन्हा लिहायला घेतली. तीनदा लिहिली.

"ताई, नुसतं मध्येच बंद झालं असतं ना, तर आता लिहिलेलं धरलं असतं. ही धरतच नाही. चिपच खराब आहे."

"मग बदलून द्या."

"देईन की. पण मी का? वॉरंटी आहे तुमची. त्यांचा माल, त्यांनी द्यावा."

हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी हे सगळं कागदावर लिहून, खाली सही करून दिलं. दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आजही त्यांची आठवण आली की मन भरून येतं.

पुन्हा सर्व्हिस सेंटरला जाताना मी आप्पांना स्कूटरवर मागं बसवून नेलं. मी भांडायच्याच तयारीत होते. पण या वेळच्या इंजिनिअर बाईंनी कागद नीट वाचला, लॅपटॉप स्वतः तपासला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. चिप मुळातच सदोष आहे. चिपसकट पूर्ण मदरबोर्ड कंपनी बदलून देईल."

"आन् म्या बंद केला त्यामुळं?" आप्पांनी विचारलं.

"नाही आजोबा. तुमचा काही दोष नाही."

"लिहून द्याल?"

बाईंनी हसत लिहून दिलं, वर शिक्काही मारला. मी तिथंच, काउंटरपाशी, आप्पांची माफी मागितली. त्यांनी कागदाची घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली.

"लॅपटॉप तुझा," ते म्हणाले. "ह्यो कागद माझा हाय."