मेरिट लिस्टवरचं घर

श्रीपाद सबनीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सुपरमार्केटमध्ये. अंगात फॉयरवेरचा, म्हणजे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा पूर्ण गणवेश, काखेत हेल्मेट आणि हातात कोथिंबिरीची केविलवाणी जुडी. मी मराठी आहे हे कळताच, नाव-गाव विचारायच्याही आधी त्यांनी विचारलं, "तुमचे पॉइंट किती?"

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या पलीकडचं ते एक खेडं. आम्ही दोघं एकाच कंपनीत इंजिनियर. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. गावाबाहेर शेतं मोडून नवी वसाहत उठत होती. बाजारभावाने तिथलं घर म्हणजे जन्माचं कर्ज. पण नगरपालिकेने सात प्लॉट निम्म्या भावात राखून ठेवले होते, आणि ते मिळायचे पॉइंटवर. मुलांचे पॉइंट, गावात काढलेल्या वर्षांचे पॉइंट, समाजसेवेचे पॉइंट. उत्पन्न मात्र ठरावीक मर्यादेच्या आत हवं. ही योजना वाचून सबनीसांना भरून आलं होतं. बारावीला एका मार्काने त्यांचं पुण्यातलं कॉलेज हुकलं होतं. "अरे केदार, घर मेरिट लिस्टवर देणारं गाव आहे हे," ते म्हणायचे. "आपल्यासाठीच वसवलंय रे!"

समाजसेवेत सगळ्यात जास्त पॉइंट फॉयरवेरला होते. अडचण एवढीच, की सबनीस विस्तवाला भ्यायचे. घरी निरांजनसुद्धा वृंदावहिनी लावायच्या. हे चार हात लांब उभं राहून आरती म्हणायचे. पहिल्याच सरावात ते शिडीवर चढले, तिसऱ्या मजल्याशी पोचले आणि शिडीला मिठी मारून बसले. ना वर, ना खाली. दुसरी शिडी लावून त्यांना उतरवावं लागलं. दलाचा प्रमुख, वाग्नर नावाचा धिप्पाड सुतार, बेहद्द खूश झाला. आजवर ते लोक बाहुल्याला वाचवत आले होते. खरोखरीचा घाबरलेला माणूस त्यांना प्रथमच मिळाला होता. त्या दिवसापासून प्रत्येक सरावात सबनीस जखमी. कधी जिन्यात बेशुद्ध, कधी चेपलेल्या गाडीत अडकलेले. "विव्हळायचं कसं, हे आता मीच नव्या पोरांना शिकवतो," ते अभिमानाने सांगत. "वाचवणाऱ्याला जेवढे पॉइंट, तेवढेच वाचणाऱ्याला. गेनाऊ, अगदी तेवढेच!"

ऑफिसात बढती जाहीर झाली तेव्हा ते साहेबापुढे हात जोडून उभे राहिले. वाढीव पगाराने उत्पन्न मर्यादेबाहेर जात होतं. साहेबाने असला अर्ज जन्मात पाहिला नव्हता. इतका निःस्वार्थी माणूस म्हणून त्याने सबनीसांच्या फायलीत असा काही शेरा मारला, की वर्षभरात त्याहून मोठी बढती दारात आली. तीही त्यांनी परतवली. वहिनी म्हणाल्या, "अहो, लोक पगार वाढावा म्हणून नवस बोलतात."

"लोकांना मेरिट लिस्ट माहीत नाही," सबनीस म्हणाले.

मी मात्र त्या वसाहतीत पूर्ण भावाने घर घेतलं. राहायला जाऊन महिना होतो न होतो तोच शेजारी एक अर्ज घेऊन आले. स्वस्तातले सात प्लॉट रद्द करा, नाहीतर आमच्या घरांच्या किमती पडतील. माझ्या डोळ्यांपुढे कर्ज नाचायला लागलं. मी सही केली.

त्याच उन्हाळ्यात असा काही पाऊस कोसळला, की आमच्या नव्याकोऱ्या तळघरांत कंबरभर पाणी शिरलं. बेल वाजली. दारात सबनीस, खांद्यावर पंपाची जाडजूड नळी. दोन तास ते त्या गढूळ पाण्यात उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मीच म्हणालो, "दादा, त्या अर्जावर माझी सही आहे."

"वाग्नर नगरपालिकेवर आहे ना, त्याने दाखवली," ते नळीचा पीळ काढत म्हणाले. "सही फार गिचमिड करतोस. आणि ते कपाट उचल आधी, खालून फुगेल."

आमचा अर्ज फेटाळला गेला. मग यादी लागली. सबनीस आठवे होते, एका पॉइंटाने. मुदतीच्या चार दिवस आधी त्यांची मुलगी इरा अठरा वर्षांची झाली होती, आणि अठरा पूर्ण झालेलं मूल नियमानुसार मूल राहत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा इरा रडत होती आणि जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा वडिलांची माफी मागत होती. सबनीसांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी का तू? या घरात वेळेवर काम करणारी तू एकटीच निघालीस."

मग पुन्हा चालून आलेली बढती नाकारायला कारण उरलं नाही. ती घेऊन ते कंपनीच्या दुसऱ्या शाखेत, बाड हॉम्बुर्गकडे निघाले. निघायच्या दिवशी त्यांच्या भाड्याच्या घरासमोर फॉयरवेरची लाल गाडी येऊन उभी राहिली. वाग्नरने वहीत रीतसर नोंद केली: सराव, तिसऱ्या मजल्यावरून घर रिकामं करणे. शिडीच्या पाळण्यातून गाद्या उतरल्या, मिक्सर उतरला, देव्हारा उतरला. शेवटी दोघांनी स्ट्रेचर आणलं. सबनीस निमूट आडवे झाले आणि खाली येईपर्यंत इतकं सुंदर विव्हळले, की वाग्नरला डोळे पुसावे लागले.

पुढच्या मंगळवारी मी फॉयरवेरच्या ठाण्यात गेलो आणि भरती व्हायचंय म्हणून सांगितलं.

"प्लॉट संपले सगळे," वाग्नर म्हणाला.

"मला घर आहे."

"आल्झो, मग कशासाठी?"

"सरावात आता जखमी कोण होतं?" मी म्हटलं. वाग्नरने कपाट उघडलं आणि विचारलं, "बुटांचा नंबर किती?"