टकळी आणि सात नंबरचा पलंग

हॉस्टेलवर सगळे तिला टकळी म्हणत, आणि त्यात कुणाचाही दोष नव्हता. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या, तेव्हा ही टेबलावरच्या देहाला सांगत होती, "जरा हात बाजूला घेते हं." दुसऱ्या वर्षी पुस्तकातला प्रत्येक रोग तिला होऊन गेला. त्यातला एक फक्त पुरुषांना होतो, हे मैत्रिणीनं पान उघडून दाखवलं, तेव्हा कुठे बाईसाहेब थांबल्या.

एमबीबीएसला गुण उत्तम पडले. घरच्यांनी मनात हिला सर्जन करूनही टाकलं होतं. हिनं घेतलं मानसोपचार.

"वेड्यांची डॉक्टर?" आत्या म्हणाली. "का गं, शहाणे कमी पडले?"

"तुझ्याकडे बघूनच ठरवलं, आत्या."

आत्या दोन महिने बोलली नाही. घराला जरा विसावा मिळाला, असं वडील म्हणाले.

मानसोपचार म्हणजे बोलण्याचं काम, आपलं तोंड एकदाचं सत्कारणी लागेल, असा टकळीचा हिशोब. तो पहिल्याच आठवड्यात चुकला. विभागप्रमुख मोठ्या मॅडम राउंडला हातातल्या घड्याळावर नजर ठेवत. पेशंटचं वाक्य संपल्यापासून ज्युनियरनं तोंड उघडेपर्यंत किती सेकंद गेले, ते मोजत आणि सर्वांसमोर सांगत. टकळीचा आकडा कायम एकच्या आसपास. तीन वर्षांत एकदाच तो सातावर गेला, आणि तेव्हा तिला ठसका लागला होता.

शेवटच्या परीक्षेला बसायचं तर केसच्या वहीवर मॅडमची सही हवी. सही नाही, तर सहा महिने घरी आत्यासमोर. एकोणीस केस झाल्या होत्या. विसावी मॅडमनी स्वतः निवडली. सात नंबरच्या पलंगावरचा शिंपी. दीड महिना घरात एक शब्द बोलला नव्हता, वॉर्डातही नाही. सगळ्या तपासण्या ठीक.

"मुका नाही हो," त्याची बायको सांगत होती, "चाळीस वर्षं माझ्याशी भांडलाय."

"बायकोकडून नको," मॅडम म्हणाल्या. "हकीकत त्याच्याच तोंडून हवी. शुक्रवारपर्यंत."

सोमवारी टकळीनं त्याला बेचाळीस प्रश्न विचारले. मंगळवारी स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगितल्या, आत्यासकट. बुधवारी तर त्याची उत्तरंही तीच देऊ लागली. "झोप लागत नाही ना, काका? नसेलच लागत." काका छताकडे बघत. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, त्याला बोलायचं असलं तरी जागा कुठाय?"

गुरुवारी दुपारी, सलग छत्तीस तासांची ड्यूटी संपवून, ती पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकली. "काका, आज कसं..." एवढं म्हणाली आणि हनुवटी छातीला लागली. प्रश्न अर्धा, डॉक्टर गाढ.

"बटण लोंबतंय."

तिनं डोळे उघडले. शिंपी तिच्या अॅप्रनकडे बघत होता. "काजं कुणी केलीत ही? उंदरानं कुरतडल्यासारखी."

एरवी तिनं शिवणाऱ्याचा पत्ताच सांगितला असता. पण झोपेनं जीभ जड झालेली. ती नुसती बघत राहिली, आणि तो बोलत गेला.

जुन्या गिऱ्हाइकाचा कोट होता. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या. चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक हसलं, कारागीर हसले. मुलगा म्हणाला, "बाबा, कात्री द्या इकडे. आता नुसती मापं घ्या."

"प्रेमानंच म्हणाला," शिंपी म्हणाला. "पण मग सकाळी उठून करायचं काय? कधी कधी वाटतं, उठूच नये."

टकळीची झोप खाडकन उडाली. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याचं अजून संपलं नव्हतं. पाऊण तास तो बोलला. मग तिनं आधी सिस्टरला त्याच्यावर नीट लक्ष ठेवायला सांगितलं, मॅडमना फोन केला, आणि नंतर वही उघडली.

शुक्रवारी सात नंबरच्या पलंगाशी उभं राहून मॅडमनी हकीकत शेवटपर्यंत ऐकली. "बोलतं कसं केलंस?"

मौनाचा उपयोग यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे आणि टकळीला ते पाठ होतं. सांगून मोकळी झाली असती.

"मॅडम, मला झोप लागली होती."

सिस्टरनं तोंडावर हात धरला. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे यात तुझा काही हात नाही. मग सही कशाची करू? बस तिथं. जागी राहून."

ती बसली. एक मिनिट. दोन. कान लाल, ओठ दातांखाली, हात मांड्यांखाली. शिंपी तिच्याकडे बघत होता.

"मॅडम," शेवटी तोच म्हणाला, "पोरगी घुसमटून मरेल हो. विचारू द्या तिला काय ते."

मॅडमनी मानेनंच होकार दिला. तिनं एकच विचारलं, "काका, आज उठावंसं वाटलं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. तीही राहिली.

"उठावंसं नाही," तो म्हणाला. "पण तुमची ती काजं डोळ्यांसमोरून जाईनात."

मॅडमनी वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या सही केली.

परीक्षा ती पास झाली. तोंडी परीक्षेत मात्र वेळ संपल्याची घंटा वाजल्यावरही बोलतच होती म्हणे. गप्प बसायला ती शिकली होती, पण पेशंटपुरतंच.