खवल्याचा मासा

मासा घेताना नर्सबाई आधी भाव विचारत नसत. टोपलीतला मासा उचलायचा, शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख उलटं फिरवायचं. खवला सुटून बोटाला चिकटला की म्हणायचं, "हा चालेल." नाही सुटला तर, "हा तुझ्या घरी ने, सुंदरा." बिनखवल्याचं त्यांच्या धर्मात चालत नसे, म्हणून मांगूर माझ्या घरी, झिंगे माझ्या घरी. माझ्या सासूला ही बाई फार आवडे ती यामुळेच.

त्या आमच्या गावच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. वडश्याला आगगाडीतून उतरलं की पुढे बैलगाडीने अर्धा दिवस, असं आमचं गाव. आम्ही ढीवर, तळ्यातले मासे धरून विकणारे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही कधी नावाने हाक मारलीच नाही, मग आता कशाला?

सासूने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमी कोन लोकं, बाई?"

"आम्ही यहुदी."

सासू माझ्याकडे पाहते, मी सासूकडे. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. "कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात. आमचे तेलाचे घाणे, शनिवारी बंद ठेवायचे."

"तेली!" सासूचा जीव भांड्यात पडला. "मंग असं सांगा ना! माझ्या मामाच्या गावात अर्धे तेलीच हायेत."

त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक बारीक पितळी डबी ठोकलेली होती. आत देवाचं लिहिलेलं. जाता-येता डबीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना. शनिवारी त्या चूल पेटवत नसत, लिहीत नसत. बाळंतीण आली तर मात्र धावत. "जीव आधी," म्हणत. चूल मी पेटवायची आणि मग तिथेच पाटी घेऊन बसायची. त्या खडूला हात लावत नसत, तोंडाने सांगत, "उभी रेघ ओढ. आता पोट काढ." नर्सबाईच त्या! माझा 'क' आजही गर्भार दिसतो. पण लिहायला मी शिकले ती अशी.

एखादी अडलेली बाई सुटली की त्या मलिदा करत. आमच्याच धानाचे पोहे, साखर, ओलं खोबरं, वर फळं. ताटासमोर एलियाहू नबीचं नाव घेत. म्हणत, आधी नबी येईल, त्याच्यामागून मसीहा येईल, सगळ्यांचं दुःख हरायला. ऐकायला बरं वाटे.

दवाखान्यात रोग्यांना येशूची गोष्ट वाचून दाखवायचं काम नर्सबाईंचंच. दोन-तीन वर्षं रोज वाचली, आणि रोग्यांना नाही, ती त्यांनाच लागली. एकदा मलिदा वाटता वाटता म्हणाल्या, "सुंदरा, मला वाटतं तो येऊन गेला."

"कोन? नबी?"

"मसीहा."

"मंग हे ताट कोनासाठी मांडलं?"

त्या ताटाकडे पाहत राहिल्या. "तेच तर कळत नाही गं."

मला तरी कुठे कळत होतं?

पुढच्या आठवड्यात पादरीसाहेब रस्त्यात भेटले. आनंदात होते. "तुमच्या बाई आता आमच्या झाल्या," म्हणाले. मी मनात म्हटलं, चला, सुटल्या बिचाऱ्या त्या खवल्यांतून. शुक्रवारी चांगला जाडजूड मांगूर निवडला. ताकदीचा मासा. बाई दवाखान्यात राबून वाळल्या होत्या. टोपली हौसेने त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी नख फिरवलं. हात तिथेच थांबला.

"हे काय गं?"

"पादरीसाहेब म्हनाले, तुमी आता त्याइच्यातल्या झाल्या. मंग आता काहून नाई चालत?"

त्यांचे डोळे भरले. मी घाबरले. मग म्हणाल्या, "मानते मी त्याला. पण सुंदरा, तोही यहुदीच. तो स्वतः मांगूर खात नव्हता."

टोपली उचलून मी घरी आले. सासूने मांगूर शिजवला, पण मला तो गोड लागला नाही.

ही बातमी मुंबईला त्यांच्या घरी कशी पोचली कोण जाणे. त्यांचा भाऊच आला, एका शुक्रवारी दुपारी. सगळं घर जहाजाने इस्राएलला निघालं होतं. हिलाही न्यायचं होतं, पण हिने एक ओळ लिहून द्यायची होती, मी येशूला मसीहा मानत नाही. "तिथे आधीच विचारतात, तुम्ही खरे यहुदी का," तो म्हणाला. "त्यात तुझं हे."

माझी सासू उंबऱ्यापाशी बसली होती. तिला राहवेना. "भाऊ, आमी दर्ग्यावर चादर चढवतो, तरी ढीवरचे ढीवरच राह्यतो ना? देव वाढला म्हनून जात कशी जाते?"

"आमच्यात तसं नाही, आजी," भाऊ म्हणाला. "आमच्यात हा देव वाढला की माणूस कमी होतो."

तेवढ्यात दिवस मावळला. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच लागतो. आता उद्या संध्याकाळपर्यंत लिहिणं नाही. भाऊही पाळणाराच, त्यानेही कागद बाजूला ठेवला. शनिवारी चूल पेटवायला गेले तेव्हा दोघं शेजारी उभी राहून प्रार्थना म्हणत होती. एकच सूर, एकच शब्द. मी बराच वेळ ऐकलं. दोघांत फरक कुठे, तो मला काही सापडला नाही.

संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या, शनिवार सुटला आणि भावाने कागद पुढे ठेवला. बाईंनी लिहिलं, आणि कागद भावाला न देता मला दिला. "वाच. तुला येतं आता."

मी अक्षरं लावत वाचलं. आधी वडिलांचं नाव, मग गावाचं. मग, 'शनिवार पाळते. मलिदा करते. तुमचीच आहे.'

"पुढे?" भावाने विचारलं.

"पुढं काही नाई."

"ती एक ओळ?"

"ती खोटी होईल रे," बाई म्हणाल्या. "खोटं लिहायला कुठला वार चालतो?"

भाऊ रागावेल वाटलं होतं. त्याने कागदाची घडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवली. सकाळी निघताना डबीला बोटं लावून ओठांना लावली. त्याच्यामागे बाईंनीही लावली. गाडी वळणावर गेली तरी त्यांची बोटं ओठांवरच होती.

आता त्या आमच्याच राहणार, असं मला वाटलं. पण पादरीसाहेबही किती दिवस थांबणार? मानता ना, मग बाप्तिस्म्याचं पाणी घ्या, शनिवार सोडा, म्हणू लागले. बाई 'मानते' म्हणत आणि शनिवारी चूल थंड ठेवत. शेवटी मिशनचा निरोप आला, पाणी घ्या नाहीतर जागा सोडा.

त्या शुक्रवारी मी मरळ घेऊन गेले तर दाराला कुलूप. चौकटीवर डबीच्या जागी खिळ्यांची दोन भोकं. कोणी म्हणालं सिरोंच्याकडे सरकारी दवाखान्यात गेल्या, कोणी म्हणालं भावाकडे. खरं कोणालाच माहीत नव्हतं. मी टोपलीतून मासा उचलला, शेपटीकडून नख उलटं फिरवलं. खवला सुटून बोटाला चिकटला.

परत आणलेला मासा पाहून सासू नेहमी हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"काहून परत आनला? खवल्याचा नव्हता का?"

"खवल्याचाच होता, माय."