कुत्र्याचा कान कोणत्या रकान्यात?

वाशिमजवळच्या मालेगावात थोरल्या भावाचं फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा ऑपरेशनच्या काळात दुकान वहिनीने सांभाळायचं ठरलं. अडचण एकच होती. कोणता भाग कोणत्या खणात, हे फक्त भावाला माहीत. आणि ऐन फवारणीत गिऱ्हाइकाने एकदा वाशिमची वाट धरली की ते परत वळत नाही.

म्हणून संगणक घ्यायचा ठरला. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग साडूच्या ओळखीचा एक सल्लागार आला, आणि त्याने संगणकाआधी धोरण आणलं. पाच वर्षांचं, रंगीत, बाणांनी भरलेलं. घरात पुस्तकं वाचणारा मी एकटा, म्हणून ते समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते तीनदा वाचलं. 'सक्षमीकरण' हा शब्द पानोपानी होता.

"यात वायसर कुठी हाय?" भावाने विचारलं.

वॉशर नव्हता.

पुढे सल्लागाराने पंप कंपनीची यादी संगणकात भरली आणि वहिनीला गल्ल्यावर बसवलं. भाऊ मागे खुर्चीत. पहिलाच माणूस मेडशी गावचा निघाला. "काकू, कुत्र्याचा कान द्या."

वहिनीने टाइप केलं. संगणकाला कुत्रा माहीत नव्हता.

पंपात पाणी उलटं येऊ नये म्हणून एक रबरी पट्टी असते, तिला आमच्याकडे सगळे कुत्र्याचा कान म्हणतात. कंपनीने दिलेलं नाव अख्ख्या तालुक्यात कोणी उच्चारलेलं नाही. सल्लागार शांतपणे म्हणाला, "ग्राहकांना योग्य परिभाषेची सवय लावावी लागेल. तो टप्पा तिसऱ्या वर्षात आहे."

"तवरोक हा इथंच उभा राहीन काय?" वहिनी म्हणाली.

"मले त आजच फवारनी करा लागते," मेडशीकर म्हणाला.

"डावीकडून तिसरा खण," भाऊ मागून म्हणाला.

त्या दुपारपासून वहिनीने धोरण बाजूला सारलं आणि संगणकात एक रकाना वाढवून घेतला: लोक काय म्हणतात. भाऊ एकेक वस्तू हाताने चाचपून नाव सांगायचा, ती भरायची.

"हे मांजरीचं नाक."

"मांजरीचं? मले त उंदराचं दिसून राह्यलं."

"तुले दिसते, मले नाई. लिव."

सल्लागाराने या उद्योगाला 'स्थानिक ज्ञानसंपदेचे सक्षमीकरण' म्हटलं आणि धोरणात एक बाण वाढवला.

भाऊ ऑपरेशनसाठी अकोल्याला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे तीन फोन आले. काही अडलं काय? नाही. तिसऱ्यांदा दुकानात गर्दी होती, वहिनीने फोन माझ्याकडे दिला.

"एकदाबी नाई अडलं?" त्याने विचारलं.

त्याचा आवाज ऐकून मी खोटं बोललो. म्हटलं, एक नळी सापडत नाही. त्याने ताबडतोब, मोठ्या समाधानाने, खण सांगितला.

तो खण वहिनीने सकाळीच बदलला होता.