धर्मा पाटलाचा बांधलेला हात

देवळामागच्या अंगणात धर्मा पाटलाने एक खांब रोवला होता आणि त्याला काथ्या गुंडाळला होता. रोज पहाटे तो त्या खांबासमोर कमरेत वाकून नमस्कार करी आणि मगच त्यावर मुठीचे प्रहार सुरू करी. पूजेची फुले वेचताना मी हे पाहत असे. एकदा न राहवून मी विचारले, "धर्मा, हा कोणता रे देव?"

"देव नाय, गुरुजी. यो मार खातो. मार खानाऱ्याला आधी नमस्कार."

मी डोंबिवलीच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि त्या देवळाची पूजाही माझ्याकडे होती. धर्मा खाडीकाठच्या मिठागरवाल्यांचा मुलगा. महायुद्धात तो शिपाई होता आणि युद्ध संपल्यावर त्याची पलटण वर्षभर जपानात राहिली. तेथे एका वृद्ध शिक्षकाकडून तो मोकळ्या हाताने लढण्याची विद्या शिकला. 'कराटे' हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो त्याच्या तोंडून. "म्हाताऱ्यानं सांगलान, पाच वर्सा एकटा कर, मंग दुसऱ्याला दाखव." त्याने खरोखर पाच वर्षे मिठागराच्या बांधांवर एकट्याने अभ्यास केला आणि मग वर्ग काढण्यासाठी देवळाचे अंगण मागायला आला.

आमचे पंच अण्णा मिस्कील. ते म्हणाले, "अरे, हाताने लाकडं फोडतोस म्हणे. मग आमच्या बंबाच्या ढलप्या तेवढ्या फोडून दे की!"

"ढलप्यांना कुऱ्हाड हय, अण्णा. हात आवरायला शिकवतो मी."

अंगण मिळाले. वर्गाच्या आरंभी पूजा मीच सांगितली आणि चार शब्दही बोललो. शिष्याने केलेले पाप गुरूच्या माथी जाते, म्हणून शिकविणाऱ्याने सावध असावे, असे मी म्हणालो. सगळे प्रसाद घेऊन गेल्यावर धर्मा मागे रेंगाळला. "गुरुजी, ह्या खरा हय, का नुसता बोलायचा हय?"

"शास्त्राचे वचन आहे, धर्मा. खरेच असणार."

त्याने मान डोलावली. असे बोल मी आयुष्यभर उच्चारीत आलो होतो. ते कोणी पदरात बांधून घरी नेईल, अशी शंकाही माझ्या मनाला शिवली नव्हती.

माझा मुलगा श्रीधर हा त्याचा पहिला आणि सर्वांत तयारीचा शिष्य. वयाने एकोणीस, मनाने तापट. दोन वर्षांनी एके संध्याकाळी तो घरी आला तो पांढराफटक पडलेला. विठ्ठलवाडीजवळच्या निर्वासितांच्या छावणीत लीलाराम नावाचा सिंधी शिंपी होता. श्रीधरने शिवायला दिलेल्या सदऱ्याच्या कॉलरवरून दोघांची बोलाचाली झाली आणि लीलारामाने सदरा हिसकावून घेतला.

"बाबा, मी मारलं नाही हो. हात आपोआप गेला. त्याचं मनगट मोडलं."

शिंप्याचा कातर धरायचा उजवा हात!  मग माझ्या बुद्धीला जे सुचले ते मी केले. श्रीधरला उपवास सांगितला आणि एक सहस्र गायत्रीजप करविला. पापाचे क्षालन झाले, असे मी मानले. लीलारामाच्या दाराशी जाऊन उभे राहावे, हे मला सुचलेच नाही.

पुढे तीन आठवड्यांनी गोकुळाष्टमी आली. त्या आठवड्यांत धर्मा पहाटे खांबाशी दिसला नव्हता, वर्गही बंद होता; का, हे मी विचारले नव्हते. देवळात रांग लागली होती आणि मी तीर्थ देत होतो. धर्मा समोर आला आणि त्याने डावा हात पुढे केला.

माझ्या हातातील पळी थबकली. अण्णा कडाडले, "अरे, तीर्थाला डावा हात? अक्कल गहाण टाकलीस काय?"

तेव्हा मी नीट पाहिले. त्याचा उजवा हात फाडलेल्या पंच्याच्या पट्टीने छातीशी घट्ट बांधलेला होता.

"काय झाले, धर्मा? पडलास की काय?"

"नाय, गुरुजी. लीलारामाचा हात पलस्तरात हय. तो सुटेल तवा माझा सुटेल. मी रोज जातो तिथं, पानी भरतो, इस्त्री मारतो. डाव्यानं जमते हलूहलू."

"पण तू का? मारले ते…" मी मागे वळून पाहिले. श्रीधर माझ्या पाठीशी निरांजन घेऊन उभा होता.

धर्मा आश्चर्याने माझ्याकडे पाहत राहिला. "तुमीच सांगलाव ना? पोऱ्याचा पाप माझा."

त्या क्षणी मला देवासमोर उभे राहणे कठीण झाले. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते, त्याने माझे वचन पाळले होते, आणि ते सांगणारा मी आपल्या मुलाला जपमाळेआड लपवून निश्चिंत झोपत होतो.

"गुरुजी, शास्त्र काय सांगतं?" अण्णांनी हटकले.

मी त्या डाव्या तळहातावर तीर्थ घातले. 

दुसऱ्या दिवशी श्रीधरला घेऊन मी छावणीत गेलो. लीलारामाने आम्हांला बाकावर बसविले आणि धर्माकडे बोट दाखवून तो कळवळून म्हणाला, "पंडितजी, इसको समझाओ. लोग पूछते हैं, इस दुकान में सबके हाथ कैसे टूटे?" धर्मा हसला, पण पट्टी काही त्याने सोडली नाही. त्या दिवसापासून पाणी भरण्याचे काम श्रीधरने घेतले.

प्लास्टर निघाले तेव्हा आम्ही सारे तेथेच होतो. मनगट वाकडेच राहिले होते, बोटांत कातर ठरेना. लीलारामाने ती डाव्या हातात घेतली आणि धर्माची पट्टी कापून टाकली. "बस, मास्टर. अब बस."

धर्माने आखडलेली बोटे हळूहळू उघडली आणि श्रीधरला जवळ बोलाविले. "उद्यापासून देवलामागचा वर्ग तू घे. मी हितं छावनीत नवा काढतो. हितल्या पोरांना जास्ती गरज हय."

मला धक्काच बसला. "धर्मा, अरे, याला? याच्याच हातून हे झाले ना?"

"म्हनून तर, गुरुजी. बाकीच्यांना मी नुसता सांगलाय. हात सुटला का काय व्हते, ते याला एकट्याला ठाव हय."

श्रीधर लीलारामासमोर गेला आणि त्याने त्या वाकड्या मनगटाला कमरेत वाकून नमस्कार केला.